उजेड जागेवर हाय

आमच्याकडे रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. औसा, निलंगा, रेणापूरकडून येणारी माणसं 'लाईट घ्यायला आलोय' म्हणतात. 'माझ्या किती लाईटी राहिल्या?' असं विचारतात. मी नांदेडहून लातूरच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात नवीन लागले, तेव्हा एका म्हाताऱ्याला समजावत होते की बाबा, ही लाईट नाही, किरणं आहेत, ती दिसत नसतात. मागून आवाज आला,

"बेटा, त्यांना दुरुस्त करू नको. ते बरोबर बोलून राहिले. तुलाच ठावं न्हाई."

ते आमचे सर. दवाखान्याचे फिजिसिस्ट. कुठं आणि किती शेक, म्हणजे किरणांचा डोस, द्यायचा ते डॉक्टर ठरवणार, तो कोणत्या बाजूनं आणि कसा जाईल याचं गणित सर मांडणार, आणि आम्ही रोग्याला टेबलावर झोपवून मशीन चालवणार, अशी कामाची वाटणी. सर मात्र ही वाटणी मानत नसत. गणित मांडून झालं की आपल्या खोलीत बसायचं सोडून दिवसभर आमच्या मानेवर उभे.

उंच, खांद्यात वाकलेले, पायात रबरी चपला, शर्टाच्या खिशात काळ्या चिकटपट्टीचं गुंडाळं. मूळचे देगलूरचे. त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधेच तेलुगूत शिरायचं आणि दखनीत संपायचं. आलेली प्रत्येक बाई अम्मा, प्रत्येक पुरुष मालक. मग तो हमाल असो की आडत्या. दवाखान्याचे विश्वस्त सोडून. त्यांना ते काहीच म्हणत नसत, नुसते बघत.

'असेल' या शब्दाचा त्यांना राग होता. "सर, टेबल बरोबर असेल," असं मी एकदा म्हणाले. त्यांनी चालू काम थांबवलं. "असेल म्हणजे काय? हाय का न्हाई?" मी पुन्हा आत जाऊन बघून आले आणि आहे म्हणाले. "मग आता म्हण." अशी ते माणसाची रोज शंभर वाक्यं अडवायचे. आमच्यातल्या एकीनं वैतागून बदली मागितली होती. मीही पहिले काही महिने त्यांच्यापासून लांबच राहायची. दुपारी ते डबा उभ्यानं खायचे, स्क्रीनकडे बघत. बसून जेवा म्हटलं तर म्हणायचे, बसून एकट्यानं जेवायला बरं वाटत नाही. घरी कोण असतं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता सर नाहीत. देगलूरला झोपेतच गेले, असं त्यांच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं. त्यानंतर दवाखान्यात त्यांच्या गोष्टी निघतात त्या बहुतेक चिकटपट्टीच्या.

त्याचं असं झालं. ही जोरकस किरणं माणसाच्या अंगात शिरतात तेव्हा कातडीतून एक फिकट निळसर उजेड सुटतो. इतका फिकट की उघड्या डोळ्याला दिसत नाही. पण तो पकडणारा खास कॅमेरा असतो. तो छताला लावला की बाहेरच्या स्क्रीनवर, शेक चालू असतानाच, किरणं अंगावर नेमकी कुठं पडताहेत ते दिसतं. सर या कॅमेऱ्यामागे कितीतरी दिवस लागले होते. विश्वस्तांनी त्यांना विचारलं, कॅमेऱ्याशिवाय उपचार होत नाहीत का? सर म्हणाले, "होतात की. डोळे झाकून स्वयंपाकबी होतो." त्या एका वाक्यानं काम लांबलं. शेवटी कंपनीनं तो वापरून बघायला दिला, आणि पुढे दवाखान्यानं ठेवून घेतला.

कॅमेरा आला आणि सर उजेडाचे वैरी झाले. खोलीत अंधार लागतो, म्हणून एसीचा हिरवा ठिपका, भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे, स्विचचे लाल दिवे, सगळ्यांवर काळी पट्टी. एकदा डॉक्टर मॅडम आपला मोबाइल आत विसरल्या. परत मिळाला तेव्हा त्याच्या तोंडावरसुद्धा पट्टी होती. मॅडमनी ती सोलली. सरांनी लगेच ती परत घेतली, कारण अजून चिकटत होती.

पहिल्यांदा स्क्रीनवर उजेड दिसला तो दिवस मला आठवतो. कातडीवर सांडलेल्या चांदण्यासारखा एक तुकडा, आम्ही शाईनं आखलेल्या रेघांच्या आत. आम्ही टाळ्या वाजवणार होतो. सर खुर्चीत बसले होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्यांना आनंद झाला असं मी तेव्हा धरून चालले.

डोक्याला शेक घेणाऱ्या काही रोग्यांना डोळे मिटलेले असतानाही निळं काहीतरी चमकल्यासारखं दिसतं. सर त्यांना दारातच गाठायचे. काय दिसलं, कसं दिसलं? उदगीरचे एक किराणा दुकानदार म्हणाले, गॅसची शेगडी बारीक केल्यावर दिसते तसं. एक शाळेतल्या बाई म्हणाल्या, मोराच्या मानेसारखं. सर ते ऐकून दिवसभर खूश. आमच्यापैकी कुणाला ते कधी एवढं मन लावून विचारत नव्हते.

सुमित्रा आमच्याकडे आली ती याच सुमारास. किल्लारीची, चाळिशीच्या आतली, डाव्या छातीचं ऑपरेशन झालेलं. नवरा साखर कारखान्यावर कामाला होता. तो रोज पहिल्या बसनं तिला घेऊन यायचा आणि बाहेर लिंबाखाली बसून राहायचा. बाई शांत, सांगितलेलं ऐकणारी. पहिल्या दिवशी मी तिचे हात डोक्याच्या वर ठेवले, मान उजवीकडे केली, लेसरच्या रेघा जुळवल्या, दिवे मंद केले आणि बाहेर येऊन ते जाडजूड दार लावलं.

मशीन सुरू झालं. छातीवर उजेडाचा तुकडा आला. आणि त्याच्यापासून सुटा, वर, हनुवटीच्या कडेला आणखी एक लहानसा ठिपका चमकला.

सरांनी बटण दाबून मशीन थांबवलं.

आत गेलो तर तिची मान समोर, जरा डावीकडे वळलेली. मी तिला म्हटलं, ताई, हलायचं नाही सांगितलं होतं. ती म्हणाली, न्हाई हलले. ती खोटं बोलत नव्हती, तिला स्वतःलाच कळलं नव्हतं. पुन्हा जुळवलं, पुन्हा दार लावलं, आणि हनुवटीवर पुन्हा तोच ठिपका. खोलीतल्या साध्या कॅमेऱ्यात त्या अंधारात आम्हाला एवढीशी मान वळलेली कधीच दिसली नसती.

मशीनवरची माझी जोडीदारीण तिच्यावर ओरडायच्या बेतात होती. सरांनी तिला बाहेर थांबवलं. आत जाऊन ते टेबलाशेजारी खाली फरशीवरच बसले, म्हणजे झोपलेल्या सुमित्राच्या तोंडाशी त्यांचं तोंड आलं.

"अम्मा, तुमची मान वळून राहिली. कशामुळं?"

तिची नजर वर छताकडे गेली. मग म्हणाली, "ह्यो स्लॅब किती जाड हाय?"

आम्ही कुणीही काहीतरी गोड सांगितलं असतं. सरांना ते जमत नव्हतं. "लई जाड हाय अम्मा," ते म्हणाले. "किरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून केलेला. अख्ख्या लातुरात यापेक्षा जाड स्लॅब न्हाई."

ती टेबलावर ताडकन उठून बसली. त्या दिवशी तिचा शेक पुरा झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही अशी आम्हाला धास्ती होती. आली. सरांनी तिला टेबलावर नेलंच नाही. बाहेर आमच्याजवळ खुर्ची देऊन बसवलं, आणि मला म्हणाले, दार लाव. स्वतः आत जाऊन टेबलावर झोपले. मशीन अर्थातच बंद. सुमित्रा स्क्रीनवर त्यांच्याकडे बघत राहिली. एवढा मोठा माणूस, पाय टेबलाबाहेर आलेले, चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी तिला विचारलं, आता सांगा, मी आत होतो तेव्हा मला काय वाटलं? ती म्हणाली, तुम्हाला काय वाटणार? सर म्हणाले, मला भ्या वाटलं. लई गपगार असतंय आत.

त्यावर ती बोलायला लागली. भूकंप झाला तेव्हा ती दुसरी-तिसरीत होती. दगडमातीचं घर, वर मातीचं माळवद. ते सगळं अंगावर आलं. शेजारी झोपलेली धाकटी बहीण जागीच गेली. ही एका लाकडाच्या आडोशाला दबून राहिली.

"वरून आमच्या अण्णांचा, वडलांचा, आवाज येत व्हता," ती म्हणाली. "उकरता उकरता हाका मारत व्हते. मधीच आवाज बंद व्हायचा. मग मी मान वळवून ऐकायची, अण्णा हायत का गेले. तुमचं दार लागलं की तसंच होतंय बघा."

नव्या गावात मिळालेल्या घराला स्लॅब होता, म्हणून ती लहानपणापासून अंगणात पत्र्याच्या शेडखाली झोपायची. लग्न करतानाही तिनं एवढीच अट घातली होती.

सरांनी मला तिला आत नेऊन टेबलावर झोपवायला सांगितलं. मी बाहेर येताच त्यांनी माईक तोंडाशी ओढून घेतला आणि दार पूर्ण लागायच्या आतच बोलायला सुरुवात केली.

"मी हितंच हाय अम्मा. आता मशीन चालू होईल. आला उजेड. छातीवर डाव्या बाजूला, जागेवर हाय. हनुवटीवर काय न्हाई. घर्र आवाज येतोय तो मशीन फिरून राहिल्याचा. मी हितंच हाय. बाहेर ऊन लई झालं. तुमचे मालक लिंबाखाली शेंगा फोडून राहिले. उजेड जागेवर हाय..."

शेक संपेपर्यंत ते थांबले नाहीत. आणि मान वळली नाही.

त्यानंतर सुमित्राच्या वेळेला सर सगळं टाकून माईकवर. बाजारात सोयाबीन काय भावानं गेलं, निलंग्याची बस लागली का, आज त्यांच्या डब्यात काय आहे, सगळं सांगून व्हायचं. दर दोन वाक्यांनी उजेड कुठं आहे त्याची खबर. एकदा त्यांनी स्वतःची आमटी किती खारट झाली ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की तिला हसू आलं आणि स्क्रीनवरचा उजेड थरथरला. "हसायचं न्हाई अम्मा. उजेड हलून राहिला." त्यावर बाहेर आम्हीच तोंडाला ओढण्या लावून हसत होतो.

तिच्या लाईटी संपल्या त्या दिवशी नवऱ्यानं पेढे वाटले. सरांनी पेढा खिशात ठेवला, पट्टीच्या गुंडाळ्याशेजारी.

काही महिन्यांनी ती तपासणीला आली तेव्हा डोळे पिवळे होते. आजार लिव्हरमध्ये गेला होता. मॅडमनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता घरीच जपा. तो बाहेर आला, लिंबाकडे गेला, आणि तिथं दुसरं कुणी बसलेलं बघून परत आला.

त्या आठवड्यात सर आपल्या खोलीतून हलले नाहीत. मी गेले तर सुमित्राच्या रोजच्या शेकाची साठवलेली चित्रं एकामागून एक बघत होते. सगळ्या चित्रांत उजेडाचा तुकडा तिथल्या तिथं. मॅडमनी त्यांना समजावलं की हा आजार शेक सुरू व्हायच्या आधीच पुढे निघून गेला होता, छातीवर तर पुन्हा काही उगवलेलंच नाही. सर मान हलवत होते. मॅडम गेल्यावर मला म्हणाले, "बघ. एक दिवस इकडंतिकडं न्हाई." आणि पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरुवात केली.

मग एका शनिवारी म्हणाले, मी किल्लारीला चाललो, तू येती का, बाईमाणूस सोबत असलं तर बरं. आम्ही एसटीनं गेलो. सर खिडकीशी बसून कपाळ काचेला टेकवून होते.

सुमित्रा अंगणातल्या शेडखाली बाजेवर होती. पोट फुगलेलं, हात काडीसारखे. सरांना बघून तिनं पदर सावरायला घेतला, तो मीच नीट केला. सर बाजेशेजारी जमिनीवर बसले. नवऱ्यानं खुर्ची आणली, ती तशीच राहिली. इकडचं तिकडचं झालं. मग ती सरांना म्हणाली,

"एक विचारू का? लोक म्हणतेत, हिनं लाईट नीट घेतली न्हाई. हलली, म्हणून गुण आला न्हाई. खरं सांगा."

मी सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता.

"पहिल्या दिवशी दोनदा मान वळली," ते सावकाश म्हणाले. "ती आम्ही तिथंच थांबवली. त्यानंतर रोज उजेड जागेवर पडला. मी सगळी चित्रं परत बघितली अम्मा. एकबी दिवस चुकला न्हाई."

"मग माझ्याकडून काय चुकलं न्हाई."

"काहीच चुकलं न्हाई."

तिनं डोळे मिटले. मग हातानं नवऱ्याला जवळ बोलावलं. "आता ह्यांच्यापुढं सांगा." सरांनी सगळं पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता. तिनं सासूलाही बोलावलं. सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. म्हातारी पदरानं नाक पुसत आत निघून गेली. सुमित्रा त्यानंतर बराच वेळ नुसती शेडच्या पत्र्याकडे बघत पडून होती, एखादं मोठं काम उरकल्यासारखी.

परतीच्या बससाठी आम्ही फाट्यावर येऊन उभे राहिलो. सर मला त्यांच्या बायकोबद्दल सांगायला लागले. मी विचारलं नव्हतं.

ते तेव्हा दुसऱ्या एका शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होते. बायकोला हाच आजार. तिच्या शेकाचं गणित त्यांनीच मांडलं होतं. हात वर धरला की तिचा खांदा दुखायचा, पण नवऱ्याच्या दवाखान्यात तक्रार कशी करायची, म्हणून ती सांगायची नाही. दार लागलं की अंग थोडं ढिलं सोडायची. बाहेर कुणाला दिसायचं नाही. शेवटी शेवटी काखेत, जिथं काही व्हायला नको होतं तिथं, किरणांनी भाजून मोठी जखम झाली. ती भरलीच नाही.

"मी आकडे तपासले, बेटा. बरोबर होते. मग मी तिला म्हणालो, तू हललीस." सर रस्त्याकडे बघत होते. "एकदाच म्हणालो. पण ती जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची. ह्यांचं काय चुकलं न्हाई, मीच हलले. आजार तिचाबी पुढं गेला होता. त्याचा हलण्याशी काय संबंध नव्हता. मला ठावं होतं. तिला सांगायचं राहिलं."

देगलूरला अंत्यविधी झाला की त्या शहरात? नातेवाईक होते का? मी काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं. ते म्हणाले, शहरातच. भाऊबंद लांब होते, कुणाला थांबायला जमलं नाही. पोचवून आलो, कुलूप उघडलं, घरात चूल पेटवणारं कुणी नव्हतं. सकाळी ड्युटीवर गेलो.

बस आली. मी चढले. सर चढले नाहीत. खालूनच म्हणाले, तू जा, मी जरा बाईजवळ बसतो. आणि रबरी चपला ओढत परत गावाकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. मी मिळेल त्या जीपनं दुपारी पोचले तोपर्यंत सगळं उरकून माणसं घरी आली होती. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की सर संध्याकाळपासून रात्रभर तिच्याशी बोलत बसले होते, आपल्या बायकोचंही सगळं सांगितलं. ती उत्तर देत नव्हती, पण ते गप्प झाले की तिची बोटं हलायची, म्हणून ते गप्प झाले नाहीत. सकाळी तिचा श्वास थांबला. त्यानंतरही ते थोडा वेळ सांगतच होते, उजाडलं, पहिली बस सुटली, शेजारच्या बाईनं सडा घातला. नवऱ्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबले.

भावकीतून कडू घास आला होता. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पहिलं जेवण भाऊबंद घेऊन येतात आणि घरच्यांना समोर बसवून खाऊ घालतात. पिठलं, भाकरी, भात. घरच्यांची पंगत शेडखाली मांडली गेली. सर चपला घालून निघण्याच्या तयारीत दाराशी उभे होते. सुमित्राचा नवरा पानावरून उठला, त्यानं हात धरून त्यांना आणलं आणि आपल्याशेजारी बसवलं.

एक म्हातारे म्हणाले, ते पाव्हणे हायत, त्यांना कडू घास कशाला?

"बसू द्या," नवरा म्हणाला. "त्यांचा लई दिवसांचा राहून गेलाय."

एका बाईनं सरांपुढे पत्रावळ ठेवली, भाकरी मोडून त्यावर पिठलं वाढलं. सरांनी घास घेतला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. हात तसाच मधे राहिला आणि ते मोठ्यानं रडायला लागले. मग नवऱ्यानं आपल्या पानातला घास उचलून त्यांच्या तोंडात घातला. सरांनी तो रडत रडतच खाल्ला. पुढचा त्यांनी स्वतः घेतला. वाढणारी बाई भाताचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर थांबून राहिली, आणि पंगतीतलं कुणीही त्यांचं होईपर्यंत उठलं नाही.